अर्धा राहिलेला ब्योमकेश

आमच्या घरात एका गोष्टीचा शेवट सत्तावीस वर्षं राहून गेला होता. म्हणजे गोष्ट संपली होती, देशातल्या बाकी सगळ्या घरांत ती त्याच दिवशी संपली, फक्त मिरजेतल्या आमच्या गल्लीत शेवटच्या पाच-सात मिनिटांना लाईट गेली आणि आम्ही तिघं, म्हणजे आई बाबा आणि मी, काळ्या पडद्याकडं बघत बसून राहिलो. 1993 साल. मी पाचवीत होते. बाहेर पाऊस, अंधारून आलेलं, आणि दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्शी' चालू होतं. एपिसोडचं नाव 'मकडी का रस'.

आता ज्यांनी ही मालिका बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, आणि ज्यांनी बघितलीय त्यांना ही ओळख नकोच असणार, नाव ऐकल्याबरोबर ती टायटलची धून त्यांच्या डोक्यात वाजायला लागली असेल. बासू चटर्जींनी दूरदर्शनसाठी केलेली ही मालिका, शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या बंगाली गोष्टींवरची. ब्योमकेश म्हणजे रजित कपूर, त्याचा मित्र आणि गोष्ट सांगणारा अजित म्हणजे के. के. रैना. 1993 ला पहिला भाग आला, मग चार वर्षं काहीच नाही, मग 1997 ला दुसरा. दोन्ही मिळून तीसेक एपिसोड. बास. पुढच्याच वर्षी 'सीआयडी' चालू झालं आणि ते वीस वर्षं चाललं, आपल्या शिवाजी साटमांचे केस पांढरे होईपर्यंत आपण ते बघितलं, आणि मला ते आवडायचंही, पण त्याचे किती एपिसोड झाले ते मोजायच्या भानगडीत कुणी पडत नाही. ब्योमकेशचे मात्र मोजता येतात. एका सुट्टीत बघून संपतात. आणि संपले की खरंच संपतात, कारण मुळात गोष्टीच तेवढ्या आहेत. शरदिंदुबाबूंनी 32 गोष्टी पूर्ण लिहिल्या, तेहतिसावी अर्धी ठेवून 1970 साली ते गेले. त्या अर्ध्या गोष्टीचं नाव 'विशुपाल वध'. वध कुणी केला ते कुणालाच माहीत नाही.

मला हे पहिल्यांदा कळलं ना, तेव्हा आमच्या त्या लाईट गेलेल्या दिवसाची इतकी जोरात आठवण आली की मी त्या रात्री घरी फोन केला होता.

तर मकडी का रस. गोष्ट अशी की कोलकात्यातला एक श्रीमंत म्हातारा, नंददुलालबाबू, अंगानं खंगलेला, तोंडानं शिवराळ, दिवसभर खोलीत बसून काहीतरी चावट लिखाण करत बसतो आणि त्याला व्यसन आहे कोळ्याच्या रसाचं. कोळी म्हणजे जाळं विणणारा कोळी. घरच्यांनी कडेकोट पहारा ठेवलाय, खोलीत काही जात नाही, बाहेरचं कुणी येत नाही, जेवण तपासून, औषध तपासून, आणि तरीही म्हाताऱ्याला रस मिळतोच. कसा मिळतो? दर महिन्याला त्याच्या नावानं एक रजिस्टर पत्र येतं, पाकीट फोडलं तर आत कोरे कागद. डॉक्टरही हैराण झालाय, तो अजितच्या ओळखीचा, त्यानं हे कोडं आणलंय. ब्योमकेश दुसऱ्या केसमध्ये गुंतलाय, तो म्हणतो मला वेळ नाही, अजित, तूच जा आणि सगळं नीट बघून ये. अजित जातो, बघतो, घरी येतो आणि सांगायला लागतो. ब्योमकेश ऐकतोय.

आणि लाईट गेली.

बाबांनी कंदील लावला. आधी आम्हाला वाटलं येईल दोन मिनिटांत, मग वाटलं निदान शेवटचं वाक्य तरी मिळेल, आणि मग खालच्या वाण्याचं जनरेटर चालू झाल्याचा आवाज आला तेव्हा कळलं की आता काही खरं नाही. बाबा म्हणाले, डॉक्टर. डॉक्टरच देत असणार, त्याच्याशिवाय आत जातंय कोण, औषधाच्या बाटलीतनं देत असणार. बाबा बँकेत होते, त्यांना कुठल्याही घोटाळ्यात आधी चावी कुणाकडं होती ते बघायची सवय. मला वाटत होतं की त्या कोऱ्या कागदांत काहीतरी आहे. आणि आई काहीतरी म्हणाली होती, ते आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, त्या वेळी मांडीवर चौथीच्या वह्यांचा गठ्ठा घेऊन बसली होती, कंदील आल्यावर तिनं वात मोठी केली आणि परत तपासायला लागली. मला तिचा तो लाल पेन आठवतो. दौतीत बुडवून भरायचा जुना पेन होता, बोटांना कायम लाल डाग, भाकरी थापताना मी त्या डागांकडं बघत बसायची.

दुसऱ्या दिवशी शाळेत विचारलं तर वर्गात कुणीच बघितलेला नव्हता. त्या वर्षी गावात केबल यायला लागलेली, झी टीव्ही बघणाऱ्या घरात दूरदर्शन मागं पडत चाललेलं. आमच्याकडं केबल नव्हती, त्यामुळं ब्योमकेश होता. याबद्दल मला आजही बरं वाटतं.

त्या वयात मला त्याचं काय आवडायचं ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता थोडंफार सांगता येतं. एक म्हणजे तो आपल्या घरातल्यासारखा होता. धोतर, कुडता, खांद्यावर शाल, हातात सिगरेट, समोर पेपर, आणि घरचा नोकर पुंटीराम चहा आणतोय. त्याला कुणी डिटेक्टिव्ह म्हटलेलं आवडायचं नाही. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणायचा. मला तेव्हा शब्दाचा अर्थ बाबांना विचारावा लागला होता, बाबा म्हणाले खरं काय ते शोधणारा, आणि मला ते पोलीस होण्यापेक्षा कितीतरी मोठं वाटलं. त्याच्याकडं पिस्तूल नाचवणं नाही, पाठलाग नाही, कोट नाही, टोपी नाही. बहुतेक सगळं खोल्यांत घडतं. कुणीतरी खुर्चीत बसून काहीतरी सांगतंय आणि हा ऐकतोय. रजित कपूर ज्या पद्धतीनं ऐकतो ते मी इतक्यांदा बघितलंय की मला त्याच्यावर पानंच्या पानं लिहिता येतील. समोरचा बोलत असताना तो मध्ये मान हलवत नाही. डोळे एका जागी. मग सगळं सांगून झाल्यावर एक अगदी साधा, बिनमहत्त्वाचा वाटणारा प्रश्न, आणि समोरच्याचा चेहरा किंचित हलतो. तेवढंच.

दुसरं म्हणजे त्यातले गुन्हे. इस्टेट, मृत्युपत्र, दत्तक, सावत्र भाऊ, परत आलेला काका, जावई. ते बघताना मला आमच्या नात्यातले लोक दिसायचे, खरंच दिसायचे, कारण आमच्या आजोळी वाड्याच्या वाटणीवरनं दोन मामा एकमेकांशी बोलत नव्हते आणि कुणी कुणाला मारलं नसलं तरी जेवताना ताटं वेगवेगळ्या खोल्यांत जायची. ब्योमकेशमधलं पाप हे असं घरातलं पाप आहे, दिवाणखान्यातलं, देवघराच्या शेजारच्या खोलीतलं.

अर्थात रस्त्यावरचे खूनही आहेत, आणि त्यातला एक मी जन्मात विसरणार नाही. 'रास्ते का काँटा'. शहरात माणसं चालता चालता पडून मरतायत, छातीत काय सापडतं तर ग्रामोफोनची पिन. कुठनं आली, कुणी मारली, भर रस्त्यात शेकडो लोकांसमोर, कुणालाच काही दिसत नाही. आणि पेपरात एक जाहिरात येत राहते, तुमच्या वाटेतला काटा काढायचा असेल तर शनिवारी संध्याकाळी अमुक दुकानाच्या कोपऱ्यावर दिव्याच्या खांबाला हात लावून उभे राहा. (पुढं जे सांगणार आहे त्यानं मजा जाईल, ज्यांना बघायचाय त्यांनी हा परिच्छेद सोडा.) तर ते हत्यार म्हणजे सायकलची घंटी. खुनी सायकलवरनं समोरनं येतो, घंटी वाजवतो, लोक बाजूला होतात, आणि त्या घंटीतूनच पिन सुटते. आवाज झाकला जातो कारण घंटीचाच आवाज. विचार करा, ज्या वस्तूचं कामच आवाज करून लक्ष वेधणं आहे तिच्यात लपवलेलं हत्यार. आमची मिरज म्हणजे तेव्हा सायकलींचं गाव. पुढचे कितीतरी दिवस मागनं घंटी वाजली की मी दप्तर छातीशी धरायची. ब्योमकेशनं पण छातीवर चिनी मातीची बशी बांधून स्वतःला वाचवलेलं असतं, मला ते दप्तर तसं वाटायचं.

पुण्यात नोकरीला आल्यावर, इंटरनेट हाताशी आल्यावर मी ही मालिका परत शोधली आणि एकेक करून सगळे एपिसोड बघितले. एक सोडून. मकडी का रस ठेवून दिला. गोष्टींचा अनुवाद आणला तेव्हाही ती एक गोष्ट पानं उलटून पुढं गेले. कारण विचाराल तर एवढंच की तो एपिसोड आम्ही तिघांनी अर्धा बघितलेला होता, तो मी एकटीनं पूर्ण करायचा हे मनाला पटेना. आणि आईबाबांना सोबत घेऊन बसावं तर दिवाळीला दोन दिवस जाणं, त्यात पाहुणे, फराळ, दवाखान्याच्या चकरा, निघायची घाई. वर्षं जात राहिली.

त्या अनुवादाच्या निमित्तानं शरदिंदुबाबूंबद्दल वाचायला लागले आणि तिथं मला जे सापडलं त्यानं मी अक्षरशः उठून उभी राहिले. जन्म 1899, जौनपूरचा. बालपण बिहारात, कॉलेज कोलकात्यात, तिथं मेसमध्ये राहणं, आणि ब्योमकेश-अजितची पहिली भेट मेसमध्येच होते ती उगाच नाही. 1932 पासून ब्योमकेशच्या गोष्टी लिहायला लागले. मग 1938 ला मुंबईत आले, बॉम्बे टॉकीजमध्ये, सिनेमाच्या कथा-पटकथा लिहायला. चौदा-पंधरा वर्षं त्या धंद्यात काढली आणि मग सिनेमा सोडून राहायला कुठं गेले? पुण्याला. परत कोलकात्याला नाही. पुण्याला!

म्हणजे ब्योमकेशच्या बऱ्याचशा गोष्टी, हॅरिसन रोडवरचं ते घर, पुंटीरामचा चहा, कोलकात्याच्या गल्ल्या, पावसातले वाडे, जमीनदारांच्या हवेल्या, हे सगळं एका माणसानं पुण्यात बसून लिहिलंय. लग्न झाल्यावर ब्योमकेशचं काही खरं नाही असं समजून त्यांनी छत्तीसच्या सुमाराला त्याला बंद केलं होतं, पंधरा वर्षं हातही लावला नाही, आणि वाचक विसरायला तयार नाहीत हे कळल्यावर 1951 ला परत सुरू केला, आणि त्यानंतर शेवटपर्यंत लिहीत राहिले. मी ज्या शहरात रोज बसनं ऑफिसला जात होते त्याच शहरात. आपल्याकडं पुण्यात कोण कोण राहून गेलं याचा केवढा हिशोब ठेवतात, कुठल्या वाड्यात कोण, कुठल्या बोळात कोण, आणि बंगालीतला एवढा मोठा माणूस अठरा-वीस वर्षं इथं लिहीत होता हे मला तिशी ओलांडेपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं. याचं मला मनापासून वाईट वाटलं. त्यांनी तर मुलांसाठी सदाशिव नावाच्या एका पोराच्या गोष्टी लिहिल्यात, हा सदाशिव शिवाजी महाराजांच्या सैन्यातला! बंगाली पोरं आपल्या मावळ्याच्या गोष्टी वाचत मोठी झाली आणि आपल्याला पत्ता नाही. त्या मराठीत सहज मिळायला हव्यात, कुणीतरी मनावर घ्यायला हवं.

मला तेव्हापासून एक चित्र दिसत राहतं. पुण्यातली दुपार, बाहेर मराठी बोलणं, भाजीवाली, टांग्याचा आवाज, आणि आत खोलीत एक म्हातारा होत चाललेला माणूस कोलकात्याची एकेक गल्ली आठवून कागदावर उतरवतोय. मला वाटतं ब्योमकेश एवढा स्वच्छ दिसतो तो त्यामुळं. लांबनं आठवून लिहिलेल्या गोष्टीत जे आठवलं तेवढंच येतं, आणि जे आठवतं ते बारीक असतं. कपाची कडा. शाईचा रंग.

बासूदांचंही तसंच आहे म्हणा. बंगाली माणूस, जन्म अजमेरचा, आयुष्य मुंबईत. 'ब्लिट्झ' या साप्ताहिकात वर्षानुवर्षं व्यंगचित्रं काढली मग सिनेमात आले. 'पिया का घर' हा आपल्या 'मुंबईचा जावई'वरनं केलेला, म्हणजे चाळीतल्या दोन खोल्यांत किती माणसं राहतात आणि त्यांचं काय होतं हे त्यांना नीट माहीत होतं. खोलीतनं गोष्ट काढायची हातोटी त्यांचीच. 'एक रुका हुआ फैसला' बघा, अख्खा सिनेमा एका खोलीत, बारा माणसं, आणि त्यात एकटा उभा राहून 'थांबा, विचार करू' म्हणणारा तो के. के. रैना, आपला अजित! ब्योमकेशमध्ये तोच माणूस किती वेगळा होऊन येतो, हुशार मित्राच्या शेजारी बसणारा साधा मित्र, मित्राला कळलं याचा ज्याला खराखुरा आनंद होतो असा. आणि सत्यवती झालेली सुकन्या कुलकर्णी. आई प्रत्येक वेळी म्हणायची, ही आपली आहे हो, मराठी आहे. नंतर 'आभाळमाया'त ती घराघरात गेली पण आमच्या घरात ती आधीपासून सत्यवती होती. सत्य शोधणाऱ्या माणसाला बायको भेटते तिचं नाव सत्यवती, हे मला फार उशिरा लक्षात आलं आणि फार आवडलं.

मालिकेत खोट आहे का, तर आहे. दुसऱ्या भागात काही ठिकाणी घाई जाणवते, काही पात्रांचा अभिनय नाटकी आहे, बजेट कमी होतं हे भिंतींवरनं कळतं. पण पुढं नव्या जमान्यात ब्योमकेश सिनेमात आला, वेबवर आला, बंगालीत तर कितीतरी नट झाले, आणि मी त्यातले बरेच बघितले, तरी मला दर वेळी वाटतं की हे लोक ब्योमकेशला हिरो करायला बघतायत. बासूदांनी त्याला शेजारी ठेवला.

आता 2020. पाडव्यासाठी म्हणून मी जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी मिरजेला पोचले आणि तिथंच अडकले. मार्चच्या शेवटी दूरदर्शननं जुन्या मालिका परत लावल्या, रामायण, महाभारत, आणि सकाळी ब्योमकेश बक्शी. बाबा पंच्याहत्तरीचे, आई एकाहत्तर. कुणीच बाहेर जात नव्हतं, कुणी येत नव्हतं. बातम्या बघून बाबांना झोप लागेना म्हणून मी बातम्या बंद केल्या होत्या. आणि त्या सगळ्या भीतीत रोज सकाळी ती धून वाजायची आणि आम्ही तिघं बसायचो, तीच खोली, टीव्ही मोठा झालेला एवढंच. (त्याच जूनच्या 4 तारखेला बासूदा गेले. मी अजून मिरजेतच होते. बाबांनी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ रिमोट हातात धरून बसून राहिले.)

मकडी का रस लागला त्या सकाळी मी आईबाबांना काही बोलले नाही. त्यांना आठवतंय का ते बघायचं होतं. म्हातारा पडद्यावर आला आणि बाबा लगेच सरसावून बसले. "डॉक्टर," ते म्हणाले, "मी तेव्हाच सांगितलेलं." सत्तावीस वर्षांनी! मी काही न बोलता बसून राहिले. आई पोळ्या टाकून आली होती, पदराला हात पुसत दारातच उभी राहिली. अजित गेला, त्यानं बघितलं, घरी आला, सांगायला लागला. ब्योमकेश ऐकतोय. माझं सगळं लक्ष वर फिरणाऱ्या पंख्याकडं, हा थांबला तर.

नाही थांबला. ब्योमकेश बोलला. रस त्या लाल शाईत होता. म्हातारा दिवसभर लिहीत बसतो, काळी शाई आणि लाल शाई, आणि पहारेकरी अन्न तपासतायत, औषध तपासतायत, पाकिटं फोडतायत, आणि शाई त्याच्या समोर टेबलावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. ब्योमकेश त्या घरात गेलासुद्धा नाही. अजितनं बघितलेलं त्यानं अजितकडनं नुसतं ऐकलं.

जाहिराती लागल्या. कुणी काही बोललं नाही. मग बाबा वळून आईकडं बघायला लागले.

"अगं, तू त्या दिवशी शाईचं काहीतरी म्हणाली होतीस."

"म्हटलं होतं," आई म्हणाली. "म्हटलं, लाल शाईनं हा एवढं काय लिहितोय? लाल शाई लिहायला नसते, तपासायला असते. पण तुमचं आपलं डॉक्टर, डॉक्टर."

बाबा खरंच गप्प झाले. दुपारी जेवणं झाल्यावर ते माझ्या खोलीत आले, म्हणाले तो एपिसोड तुझ्या मोबाईलवर लाव. लावून दिला. मग ते मोबाईल घेऊन स्वयंपाकघरात गेले, आई दुधाचा हिशोब कॅलेंडरवर लिहीत होती, तिच्या शेजारी स्टूल ओढून बसले आणि मोबाईल तिच्यापुढं धरला. मी दारातनं बघत होते. "दाखव," ते म्हणाले, "तुला नेमकं कुठं कळलं ते दाखव." आईनं पेनाला टोपण लावलं, चष्मा वर सरकवला आणि बोटानं पडदा मागं नेत म्हणाली, "थांबा. इथं नाही. अजून थोडं आधी."